टाकायचे पत्ते

"इस्पिकचा राजा, बदामची सत्ती, बदामची दुर्री, चौकटचा गुलाम," मी लॅपटॉपवरचे पत्ते वाचत होते. "किलवरची नव्वी. मग परत बदाम, दश्शी. मग..."

"थांब. पहिला कोणता म्हणालीस?" केदारनं विचारलं.

"इस्पिकचा राजा."

"आणि तिसरा?"

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तो मान खाली घालून ऐकत होता. आठही पत्ते दोन-तीनदा वाचून झाल्यावर त्यानं पाच बदाम खेळायला सांगितले. पण बदाम चारच होते. पाचवा त्याच्या डोक्यात मागच्या डावातून राहिलेला. आम्ही हरलो. त्यानं हात लांबवून लॅपटॉपची कड चाचपली आणि झाकण हळूच मिटलं.

केदार माझा धाकटा दीर. माझं लग्न झालं तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि वरातीत सगळ्यात जास्त तोच नाचला होता. माघात त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं. चैत्र संपेपर्यंत डावाही गेला. कडेकडेनं उजेड आणि सावल्या कळायच्या. समोर नेमकं जिथं बघावं तिथलं काहीच दिसायचं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि फार आशा धरू नका असंही सांगितलं.

माझा नवरा सुजय तेव्हा बाडमेरकडे विजेच्या मनोऱ्यांच्या कामावर होता. क्वार्टर मिळेपर्यंत मी कराडला सासरीच राहायचं असं ठरलं होतं. सासरे आधीच गेलेले. सासूबाई, म्हणजे आई, शाळेत शिकवायच्या. त्या सकाळी गेल्या की घरात मी आणि केदार. मी त्या घरात नवी होते आणि तो त्या घरात नव्यानं चाचपडत होता. बोलायचं काय, हे दोघांनाही कळत नसे.

एकदा मी त्याला पेपर वाचून दाखवू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "पेपर नको. पत्ते वाचाल?"

हा त्याचा जुना खेळ होता. पोकरसारखा, पण पैसे नाहीत आणि समोर कोणी खेळणारा नाही. आठ पत्ते हातात येतात. जोडी, तीन सारखे, एकाच रंगाचे पाच, असं काहीतरी लावून खेळायचं, त्याचे गुण मिळतात. नको असलेले पत्ते टाकून नवे घेता येतात, पण ठरावीक वेळाच. प्रत्येक टप्प्यावर चार डावांत ठरलेले गुण गाठायचे. दोन टप्प्यांच्या मध्ये एक दुकान लागतं. तिथं जोकर मिळतात, आणि प्रत्येक जोकराची वेगळी करामत. कोणी गुणांना दुपटीनं वाढवतो, कोणी बदामांवर खूश असतो. कोणते जोकर गोळा करायचे आणि त्यांच्या जोरावर खेळाचा बेत कसा बांधायचा, हीच सगळी गंमत. शेवटच्या टप्प्यापर्यंत तो कॉलेजात पुष्कळदा पोचला होता, पण सगळ्यात अवघड पातळीवर मात्र कधीच नाही.

माहेरी आम्ही मेंढीकोट खेळायचो, त्यामुळे पत्ते मला ओळखू येत. वाचायला मात्र मला शिकावं लागलं. सुरुवातीला मी प्रत्येक पत्त्याचं वर्णन करायचे. तो म्हणाला, फक्त रंग आणि आकडा सांगा. मी "भावजी" म्हणायचे, तर त्यावर म्हणाला, "भावजी म्हणेपर्यंत मी अर्धे पत्ते विसरतो. केदार म्हणा." मग त्यानंही अहो-जाहो सोडलं, तेवढं वहिनी राहिलं.

त्या दिवशी हरल्यावर मात्र तो कसाबसा जेवला आणि खोलीत जाऊन पडला. मला वाटलं, संपलं हे आता. दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा तो भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आला.

"वहिनी, माझं काय चुकतंय ते मला कळलं. मी अजून पूर्वीसारखंच खेळतोय. भरपूर पत्ते हातात ठेवायचे, सगळे एकदम नजरेसमोर. ते आता होणार नाही. आता हातात कमी ठेवायचं आणि जास्त टाकायचं."

"म्हणजे?"

"चल, दाखवतो."

आम्ही नवा खेळ मांडला, सगळ्यात अवघड पातळीवरच. पहिल्या दुकानात मी एकेका जोकराची माहिती इंग्रजीतून वाचून त्याला मराठीत सांगत होते. एका जोकरावर डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाईचं चित्र होतं. टाकलेल्या प्रत्येक पत्त्यामागं तिची ताकद थोडी वाढायची, आणि एकदा वाढली की खेळ संपेपर्यंत कमी व्हायची नाही.

"बोहारीण दिसतेय," मी म्हटलं. "जुने कपडे घेऊन भांडी देणारी."

तो हसला. चैत्रानंतर त्याला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "घे बोहारणीला," तो म्हणाला.

पुढच्या दुकानात हातात कात्री घेतलेला एक जोकर निघाला. तो हातातले दोन पत्ते कायमचे कमी करायचा आणि त्या बदल्यात दोन वेळा जास्त टाकू द्यायचा. आम्ही त्याचं नाव शिंपी ठेवलं. केदार म्हणाला, याला कुणी घेत नाही, आठाचे सहा पत्ते झाले की काही लागत नाही. "पण सहा मला लक्षात राहतात," तो म्हणाला. "घे."

बेत असा होता. मोठं काही लावायच्या मागं लागायचंच नाही. दर वेळी टाकता येतील तेवढे टाकायचे, बोहारणीला पोसायचं, आणि शेवटी हातात जी काही जोडी उरेल ती तिच्या जोरावर खेळायची. ऐकायला सोपं होतं. पण सुरुवातीला बोहारीण अगदीच दुबळी. पहिले दोन टप्पे आम्ही कसेबसे निभावले. तिसऱ्या टप्प्यावर आपसूक एकाच रंगाचे पाच पत्ते हातात आले, एक्क्यासकट. मी आनंदानं सांगितलं.

"टाक त्यातले पाचही," केदार म्हणाला.

"एवढे चांगले पत्ते?"

"या टप्प्यापुरते गुण आपल्याला जोडीतही मिळतील. बोहारणीला आत्ता दिलं नाही तर पुढं तिच्याकडून काय मागणार?"

माझं बोट बटणावर अडलं. त्यानं वाट पाहिली. मी टाकले. नंतर जोडीवर तो टप्पा पार झाला, अगदी काठावर.

आठवडाभर रोज थोडं थोडं खेळत आम्ही वर चढत होतो. केदारला आता टाकलेले पत्तेही लक्षात राहायला लागले होते. मी वाचायच्या आधीच तो म्हणायचा, आता किलवर फारसे उरले नाहीत, बदामच येणार. आणि बदामच यायचे. दाढी करायची त्यानं सोडून दिली होती, तीही एका सकाळी केली. कापलं थोडं, पण केली. आई शाळेतून आल्यावर दारातूनच आमचं बोलणं ऐकायच्या. आत मात्र येत नसत. लॅपटॉपच्या पडद्याकडे तोंड करून बसलेला, न बघणारा मुलगा त्यांना पाहवत नसावा.

शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे आम्ही आलो आणि त्याच दुपारी शकूआत्या आल्या. सुजयच्या वडिलांची ही बहीण. केदारला बघायला म्हणून आल्या होत्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून रडल्या, मग चहा घेता घेता स्वयंपाकघरात आईंना म्हणाल्या, "विमल, राग मानू नको. पोरगं लग्नात कसं नाचत होतं. आणि ही घरात आली आणि दोन महिन्यांत डोळे गेले. असतो एखादीचा पायगुण."

मी ओट्यापाशीच उभी होते. आई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी आत्यांपुढची रिकामी बशी उचलली आणि मोरीत ठेवली. त्यांचं ते गप्प राहणं मला आत्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी गच्चीवर गेले आणि वाळलेले कपडे कितीतरी वेळ काढत बसले.

दुसऱ्या दिवशी खेळायला बसलो तेव्हा केदारनं लॅपटॉप उघडू दिला नाही.

"आत्या बोलली ते मी ऐकलं," तो म्हणाला. "वहिनी, माझे डोळे कशानं गेले ते मला माहीत आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. आई तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. आईला सांगू नका असं मीच त्यांना म्हटलं."

त्यानं सावकाश, एकेक गोष्ट वेगळी करून सांगितलं. हा आजार आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, तिला ठाऊकही नसतं. मुलांना होतो, बहुतेक ऐन तारुण्यात, सगळ्यांनाच होतो असंही नाही. त्याच्या यशवंतमामाचे डोळे तरुणपणीच गेले होते. डॉक्टरांनी आजोळी कुणाला असं झालं होतं का म्हणून विचारलं, तेव्हा त्याच्या एकदम ध्यानात आलं.

"आईला हे कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसेल. म्हणून गप्प राहिलो," तो म्हणाला. "पण मी गप्प राहिलो की ते तुझ्यावर येतं."

मला आधी हलकं वाटलं. खरंच, अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आणि मग पुढचं डोक्यात आलं.

"सुजय?" मी विचारलं.

"दादालाही होऊ शकतं. होईलच असं नाही. तुमच्या मुलांना होणार नाही, वडिलांकडून हे पुढं जात नाही. डॉक्टर म्हणाले, सिगारेट आणि दारूपासून लांब राहायला सांगा. मी दादाला फोन करून नुसतंच सिगारेट सोड म्हणालो. का ते सांगायचा धीर झाला नाही."

सुजय लांबून मला हात करायचा. स्टेशनवर, गर्दीत, मी त्याला शोधायच्या आत तो मला शोधायचा. मला ते आठवत राहिलं. केदार माझं काही बोलणं येतंय का म्हणून कान देऊन बसला होता. एवढं सगळं त्यानं एकट्यानं, त्या खोलीत, जवळ ठेवलं होतं.

"आईला सांगू का?" त्यानं विचारलं. "तू म्हणशील तसं करतो."

"माझ्यासाठी नको सांगूस," मी म्हटलं. "पण सुजयला कळायलाच हवं. आणि त्याला कळलं की आईंना कळणारच. ते त्यांना तुझ्याकडून कळू दे."

जेवायच्या वेळी त्यानं सांगितलं. मी पोळ्या वाढत होते. आईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. मला वाटलं, आता त्या कोसळणार, आणि मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले.

त्या म्हणाल्या, "मग इंदूवहिनी?"

आम्हाला काही कळलं नाही. मग त्या सांगायला लागल्या, आमच्याकडे न बघता. यशवंतमामाचं लग्न झालं तेव्हा त्या दहावीत होत्या. नव्या वहिनीशी त्यांची फार गट्टी जमली होती, एकाच अंथरुणावर झोपायच्या दोघी. वर्षाच्या आत मामाची नजर गेली. घरातले सगळे म्हणाले, हिचा पाय वाईट. दिवाळीला म्हणून इंदूवहिनीला माहेरी मसूरला पाठवलं आणि परत आणलंच नाही. मामानं नंतर लग्न केलं नाही. तो जाऊनही बारा-तेरा वर्षं झाली होती.

"मी खिडकीतून बघत होते," आई म्हणाल्या. "तिनं वर बघितलं होतं. काल शकूताई बोलल्या तेव्हा तेच सगळं डोळ्यांपुढं आलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना."

मग त्यांनी केदारचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या रडल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि मला शेजारी बसवलं.

पुढचं काय झालं ते इथंच सांगते. त्याच रात्री मी सुजयला फोन केला. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, केदार एवढे दिवस एकटाच हे घेऊन बसला होता? सिगारेट त्यानं त्या दिवशी सोडली ती कायमची. रक्ताच्या तपासणीत त्याच्यातही तोच दोष निघाला. आता आमची मुलगी शाळेत जाते आणि सुजयची नजर अजून चांगली आहे. अजूनही कधी सकाळी तो उठून घड्याळाकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. केदार पुढं बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर काम करायला शिकला, राहिलेलं वर्ष त्यानं पूर्ण केलं, आणि सध्या पुण्यात एका कंपनीत न दिसणाऱ्यांना ॲप वापरता येतात की नाही ते तपासतो. शकूआत्यांना आईंनी फोनवर काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्या पुढच्या वेळी आल्या तेव्हा माझ्यासाठी साडी घेऊन आल्या.

पण मला सांगायची आहे ती मसूरची दुपार. पुढच्या रविवारी आईंनी आम्हा दोघांना घेऊन मसूर गाठलं. इंदूमामी भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहायच्या. अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. उंच, सडपातळ बाई, जाड भिंगांचा चष्मा. आईंनी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी दार पूर्ण उघडलं, पण बसा एवढंच म्हणाल्या.

आईंनी बसल्या बसल्याच सगळं सांगून टाकलं. तो आजार आमच्या घरातला होता, माझ्या आईकडून यशवंतदादाला आला आणि माझ्याकडून ह्याला, तुमचा काहीसुद्धा दोष नव्हता. हे सांगायला आले, एवढं त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मामी हातातल्या बांगडीशी चाळा करत होत्या. "माझा दोष नाही हे मला ठाऊकच होतं, विमलताई," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या घरातलं कुणीतरी येऊन सांगेल, असं पहिली काही वर्षं फार वाटायचं. मग वाटायचं थांबलं."

मामींनी केदारकडे बघितलं. तुझं नाव काय, दिवसभर काय करतोस, असं लहान मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"पत्ते खेळतो," केदार म्हणाला. "वहिनी वाचते आणि मी खेळतो. एकच टप्पा राहिलाय."

मामी एकदम माझ्याकडे वळल्या. "तू वाचतेस होय?" त्या म्हणाल्या. "मीही त्यांना पेपर वाचून दाखवायचे, माडीवर. पहिल्या पानापासून बाजारभावापर्यंत सगळा. सासूबाईंना आवडायचं नाही."

आईंना हे माहीत नसावं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

केदारनं पिशवीतून लॅपटॉप काढला. तो प्रवासातही बरोबर घेतला होता, का ते मी विचारलं नव्हतं. त्यानं तो अंदाजानं मामींच्या दिशेनं पुढं केला. "मामी, शेवटचा टप्पा तुम्ही वाचाल?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मी शेजारी बसून बटणं कुठली ते दाखवलं. शेवटच्या टप्प्याची अट पडद्यावर आली ती मीच वाचली, आणि माझा आवाज पडला. या टप्प्यात एकही पत्ता टाकता येणार नव्हता. आमचा सगळा बेत टाकण्यावर उभा होता.

"बोहारणीचं किती झालंय?" केदारनं विचारलं.

मी आकडा सांगितला. खूप मोठा होता.

"मग होईल. तिच्याकडे साठलेलं आहेच. जे येईल त्यावर खेळू. वाचा, मामी."

मामी वाचायला लागल्या. सावकाश, प्रत्येक पत्त्यावर बोट ठेवून. "बदामची राणी आहे. नंतर चौकटची तिर्री. मग परत राणी, पण ही किलवरची." केदारनं त्यांना घाई केली नाही. राण्यांची जोडी खेळली. मग पंजांची. तिसऱ्या वेळी काहीच जुळलं नाही, नुसता एक एक्का खेळावा लागला, आणि मी तोंडावर हात ठेवला. शेवटचा डाव उरला. मामींनी सहा पत्ते वाचले. त्यात दोन दुर्र्या होत्या, कॅटमधली सगळ्यात हलकी जोडी.

"इस्पिकची दुर्री आणि चौकटची," मामी म्हणाल्या. "एवढ्याशानं काय होणार?"

"खेळा तुम्ही," केदार म्हणाला.

त्यांनी बटण दाबलं. आकडे वर चढायला लागले, चढतच राहिले, आणि आम्हाला हवा होता तो आकडा ओलांडून पुढं गेले. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. मी केदारला सांगितलं, पण माझ्या आवाजावरून त्याला आधीच कळलं होतं. तो खुर्चीत मागं रेलला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन हसत राहिला. आईंनी पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघितलं.

मामींनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला.

"आता पुढं काय असतं?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून."

"मग मांड बाबा," त्या म्हणाल्या आणि खुर्ची त्याच्या जवळ सरकवली. पडद्यावरची नजर न काढता त्या पुढं म्हणाल्या, "विमल, चहा तू टाक. साखर वरच्या फळीवर आहे."

आई उठल्या आणि आत गेल्या.